ज्यांची नावं मी यादीतून खोडली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे सर्वांत ज्येष्ठ सदस्य आदरणीय खंडेराव दाभोळे; व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या विनयाताई आठल्ये; त्यांच्या शेजारी बसलेले आणि माझ्याइतकेच अवघडलेले श्री. हेरंब तांबवेकर, मंडळाचे नवे सचिव सुयश, आर. के. पुरमपासून गुडगाव-फरिदाबादपर्यंत कुठून कुठून आलेल्या माजी विद्यार्थी भगिनींनो आणि बंधूंनो. आणि पहिल्या रांगेत बसलेली माझी पत्नी शेवंता, जिनं हे भाषण काल स्वयंपाकघरात उभ्यानं ऐकलं आणि त्यातले देशाच्या भवितव्याविषयीचे दोन परिच्छेद भाजी चिरता चिरता रद्द केले. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या या सभागृहात मी आजवर सोळा वेळा बोललो आहे. सोळाही वेळा दुसऱ्याच्या कार्यक्रमात, आणि सोळाही वेळा दिलेल्या वेळेपेक्षा जास्त. आज कार्यक्रम माझाच आहे. म्हणजे आज मला कोण थांबवणार, अशी काळजी काही चेहऱ्यांवर मला इथून स्पष्ट दिसते आहे.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी माझ्याविषयी जे सांगितलं ते ऐकून मलाच त्या गुलाबरावांना एकदा भेटावंसं वाटलं. लोकारोग्य प्रशिक्षण संस्थेतून मी शिकलो, दिल्लीत एका सरकारी आरोग्य कार्यालयात चौतीस वर्षं साथींचे आकडे गोळा केले, सोळा वर्षं आपल्या माजी विद्यार्थी मंडळाच्या दिल्ली शाखेचा सचिव होतो, आणि गेल्या महिनाअखेर, म्हणजे जानेवारी दोन हजार सहाच्या एकतीस तारखेला, निवृत्त झालो. एवढं खरं आहे. बाकीची भर घालताना वक्त्यांच्या हातात माझा सत्काराचा हार होता, हे लक्षात घ्या.

खंडेराव म्हणाले, 'गुलाबरावांनी माजी विद्यार्थ्यांना एका धाग्यात बांधलं.' खंडेराव, मी तुमचा आदर करतो, पण आज खोटं बोलणार नाही. मी धागा कापत होतो. कात्री फार धारदार होती आणि कापताना मी भाषणंही करत होतो.

आता हे काय प्रकरण, असं नव्या मुलामुलींना वाटेल. सांगतो.

आपल्या मंडळात दर संक्रांतीला मेळावा होतो आणि तिळगुळाआधी यादीवाचन होतं, हे तुम्हाला माहीत आहे. सचिव आडनावानुसार नावं वाचतो. ज्याचं नाव येईल त्यानं उभं राहायचं, आपलं पद आणि ठिकाण सांगायचं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. पद्धत जुनी आहे. नोकरी लागली की गावाकडचा मुलगा या यादीत उभा राहून पहिल्यांदा 'सहायक संशोधन अधिकारी' असं मोठ्यानं म्हणतो, तेव्हा त्याचा आवाज कसा होतो ते मी सोळा वर्षं ऐकलं आहे. फार चांगली पद्धत. ती मी बिघडवली.

एक्क्याण्णव सालानंतर देशाचं दार उघडलं आणि यमुनेपलीकडे नोएडात एकेक काचेची इमारत उभी राहू लागली. मी त्या काळात पुष्कळ वाचत होतो. पुष्कळ वाचणाऱ्या माणसाचा एक धोका असतो, त्याला प्रत्येक गोष्टीची पूर्वकल्पना येते. मला आली. सार्वजनिक आरोग्य हे सरकारचं काम आहे. जो ते सोडून कंपनीत जाईल तो लोकांना सोडून जाईल. आणि असे लोक वाढले तर एक दिवस तापाचा आकडासुद्धा विकत घ्यावा लागेल. हे माझं मत. त्यातलं निम्मं मी आजही छातीठोकपणे सांगेन. उरलेल्या निम्म्यानं काय केलं ते ऐका.

विनया आठल्ये आमच्या विभागात सांख्यिकी सहायक होत्या. माझ्या समोरचंच टेबल. आठ वर्षं. एखाद्या जिल्ह्याच्या आकड्यांत गडबड असली तर ती त्यांना कागद हातात घेताक्षणी दिसायची. मला त्यांनी दाखवल्यावर दिसायची, आणि अहवालात मात्र मला दिसली असं लिहिलं जायचं. पंचाण्णवच्या डिसेंबरात त्या पेढे घेऊन आल्या. नोएडातल्या एका कंपनीत नोकरी. रुग्णालयांचे आणि पाहण्यांचे आकडे तपासायचं काम.

मी म्हणालो, "पेढा नको. राजीनामा मागे घे."

"सर, माझ्या बढतीची फाइल सहा वर्षं कुठल्या कपाटात आहे, तेवढं तरी सांगा."

"लोकांच्या आरोग्यासाठी आपण थोडं थांबायला हवं, विनया."

"मी थांबले की लोकांचं आरोग्य किती सुधारतं, हे मला एका तक्त्यात मांडून द्या. मी थांबते."

तक्ता मला मांडता आला नाही. मग मी दुसरं काय करणार? मी भाषण केलं.

शहाण्णवच्या संक्रांतीचा मेळावा. विनया तिसऱ्या रांगेत बसलेल्या. मी पंचेचाळीस मिनिटं बोललो. 'यमुना ओलांडताना ज्यानं आपलं शिक्षण नदीत सोडलं, त्याचं नाव आपल्या यादीत शोभत नाही,' हे त्यातलं सर्वांत सौम्य वाक्य. टाळ्या प्रचंड पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत तिघांनी आधीच नोएडात अर्ज टाकलेले होते, हे आता कळतंय. ते तिघं आज सभागृहात आहेत. हसू नका, वसंतराव.

मग यादीवाचन. आठल्ये हे आडनाव 'आ'वरून. म्हणजे आपली यादी दर वर्षी त्यांच्यापासूनच सुरू व्हायची. मी वही उघडली, घसा साफ केला. त्या सवयीनं खुर्चीच्या दांडीवर हात टेकून अर्ध्या उठल्या होत्या. आणि मी वाचलं, "इनामदार."

सभागृहातल्या शंभर माना एकदम वळल्या. त्या तशाच अर्ध्या उठलेल्या. मग त्यांनी पर्स घेतली, तिळगुळाची पुडी शेजारणीच्या हातात दिली आणि निघून गेल्या. मी पुढचं नाव वाचलं. त्या दिवशी मी स्वतःला फार कणखर समजलो होतो.

त्यानंतर दर वर्षी मी लाल शाईनं नावं खोडत गेलो. विम्याच्या कंपनीत गेला, खोडा. खासगी रुग्णालयात गेली, खोडा. हे हेरंब, चांगले आरोग्य निरीक्षक, नव्व्याण्णव साली राजीनामा देऊन गुडगावला एका बांधकाम कंपनीत गेले. बिल्डरकडे! यांचं नाव खोडताना मी पट्टी वापरली, रेघ सरळ यावी म्हणून. वार्षिक अहवालात या सगळ्यांसाठी एक रकाना होता: 'संपर्क तुटला'. आणि गंमत बघा. क्षयरोगाचा रुग्ण औषध घ्यायला आला नाही आणि आमच्या माणसानं घरी न जाता कागदावर 'संपर्क तुटला' लिहिलं, की मी त्याला उभं करून झापायचो. "संपर्क तुटत नाही, तो आपण तोडतो," असं म्हणायचो. हे माझं आवडतं वाक्य होतं. प्रशिक्षणात मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. एकदाही, विश्वास ठेवा, एकदाही मला ते माझ्या लाल शाईच्या बाबतीत आठवलं नाही.

दहा वर्षांत एकसष्ट नावं गेली. उरली एकशे अठ्ठेचाळीस. शुद्ध.

आता अक्षताकडे येतो. अक्षता सोनटक्के. हिंगोलीकडची मुलगी, आपल्याच संस्थेतून दोन हजार चार साली बाहेर पडली, एका सरकारी प्रकल्पात अकरा महिन्यांच्या करारावर दिल्लीला आली. मुनिरक्यात स्पर्धा परीक्षा देणाऱ्या दोन मुलींबरोबर एका खोलीत राहायची. गेल्या सप्टेंबरात प्रकल्प गुंडाळला गेला. ती आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरवर आली, चहा घेतला, आणि म्हणाली, "सर, दिवाळीपर्यंत बघते. नाही झालं तर गावी जाते. मामांच्या मंगल कार्यालयात जागा धरून ठेवलीय बाबांनी. लग्नाच्या तारखांचं बुकिंग घ्यायचं."

शेवंता म्हणाली, "अग, एवढं शिकून?"

"काकू, तिथं खुर्ची तरी कायमची आहे."

आपण दर वर्षी या व्यासपीठावरून म्हणतो, की या देशाला आरोग्याच्या क्षेत्रात शिकलेली माणसं हवीत. हवीत ना? मग त्यांनी उभं कुठं राहायचं, हे कोण सांगणार? मी अक्षताला मोठ्या विश्वासानं यादी दिली. म्हटलं, ही आपली माणसं. फोन कर.

तिनं तीन आठवडे फोन केले. एकशे अठ्ठेचाळीस जणांपैकी बहुतेकांनी तिला अतिशय आपुलकीनं सांगितलं की भरती बंद आहे. काहींनी ऑफिसात बोलावून चहा पाजला. एकोणीस जणांनी उलट तिलाच विचारलं, "बाहेर कुठं काही दिसलं तर आम्हालाही सांग ग." माझ्या यादीत सहायक होते, उपसहायक होते, सहसंचालक होते, सगळे एकाच जिन्यावर उभे, आणि जिन्याच्या तळाशी दार बंद. हा जिना मी सोळा वर्षं पुसून चकाचक ठेवला होता.

मग मी माझं शेवटचं हत्यार काढलं. शिफारसपत्र लिहिलं. दोन पानं. माझ्या मुलीनं, राधानं, ते कॉम्प्युटरवर टाइप केलं. टाइप करताना ती एकदा म्हणाली, "बाबा, यह थोड़ा ज़्यादा नहीं हो गया?" दिल्लीत वाढलेली मुलगी, मी म्हटलं, तुला मराठीतला जोर कळायचा नाही. पत्र इंग्रजीत होतं.

अक्षतानं ते पत्र घेतलं आणि मला न सांगता एक शहाणपणा केला. नोएडात एका कंपनीत जागा निघाली होती. तिनं तिथं अर्ज केला. आणि अर्जाला ते पत्र जोडलं. बिचारीनं दुसरं पान वाचलंच नव्हतं.

ऑक्टोबरात एका दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"गुलाबराव सर? आठल्ये बोलतेय."

"कोण आठल्ये?" मी विचारलं. हे मी मुद्दाम विचारलं. आवाज पहिल्या शब्दाला ओळखला होता.

"यादीत नसलेल्या. सर, तुमचं पत्र माझ्यासमोर आहे. दुसऱ्या पानावर तुम्ही हमी दिलीय, की ही मुलगी नोएडातल्या दुकानदारीकडे ढुंकूनही बघणार नाही. ती आत्ता माझ्या दुकानात बसलीय आणि चांगली टकामका बघतेय. काय करू? हिला घेतलं तर तुमची हमी मोडते."

"विनया, ते... ते तत्त्व म्हणून लिहिलंय."

"तत्त्वाचं मी बघते. आणखी एक सांगा. दोन्ही पानं मी तीनदा वाचली. ही मुलगी काम काय करते, ते कुठल्या ओळीत आहे?"

मित्रहो, मी माझ्याकडची प्रत काढली आणि चष्मा वरखाली करत वाचली. पहिल्या पानावर जागतिकीकरण. दुसऱ्या पानावर नैतिकता. मध्ये एका ठिकाणी 'सदर उमेदवार' असा उल्लेख होता. सगळं पत्र माझ्याविषयी होतं. मुलगी मंगल कार्यालयाच्या दारात उभी, आणि मी तिच्या खांद्यावर उभा राहून भाषण करत होतो.

मी विनयाला म्हटलं, फोनवर दुरुस्ती सांगतो. संध्याकाळी घरी हे सांगितलं तर शेवंता म्हणाली, "फोनवर नको. जाऊन या."

"फोननं काम होण्यासारखं आहे."

"अहो, फोनवर तुम्ही भाषण कराल. समोर गेलात तर निदान त्या उठून तरी जाऊ शकतील."

तर वयाच्या साठाव्या वर्षी, दहा वर्षं ज्या गावाविरुद्ध बोललो त्या गावी मी पहिल्यांदा गेलो. नोएडाचे सेक्टर तुम्ही पाहिलेच आहेत. पंधराच्या पुढं सोळा असेल या भरवशावर तिथं चालू नये. देशभरातल्या साथींचे नकाशे काढणारा हा माणूस दीड तास रस्ता विचारत फिरला. एक पानवाला माझी फाइल आणि घामेजलेला चेहरा बघून म्हणाला, "अंकल, इंटरव्यू है क्या? घबराओ मत, हो जाएगा." त्या दिवशी मला मिळालेला तो एकमेव धीर. कंपनीच्या दारावर रजिस्टर होतं. 'येण्याचं कारण' या रकान्यात मी सवयीनं 'सरकारी' लिहिलं. पहारेकरी म्हणाला, "सरकारी? तब तो बैठना पड़ेगा, मैडम से पूछना पड़ेगा." आमच्या कार्यालयात मी किती लोकांना असं बसवलं असेल! चाळीस मिनिटं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तोच हिशेब मांडत होतो.

आत विनया आणि अक्षता. विनयानं उठून नमस्कार केला, पाणी दिलं, आणि माझ्यापुढं एक कोरा कागद ठेवला. "सहा ओळी, सर. मतं नकोत. ही काय करू शकते तेवढंच."

मी पेन उघडलं. आणि लक्षात आलं की मला माहीतच नाही. मी तिच्या गावाचं नाव सांगू शकत होतो, तिच्या निष्ठेची ग्वाही देऊ शकत होतो. शेवटी लाज गिळून विचारलं, "अक्षता, बाई, तू नक्की काय काय केलंस ग?"

ती लाजत लाजत सांगू लागली. शिकत असताना तिला गावाकडच्या एका आरोग्य केंद्रात पाठवलं होतं. तिथल्या पाच गावांत गोवर आला, तेवीस मुलं. रजिस्टरात सगळ्यांना लस दिलेली. सगळे म्हणाले, रजिस्टर खोटं. ही म्हणाली, एकदा डब्याबरोबर जाऊन बघते. लसीचा बर्फाचा डबा एसटीनं जायचा. ही त्याच गाडीत बसली. तर कंडक्टरनं डबा हातात घेतला आणि ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या झाकणावर, अगदी मानानं ठेवला.

"मी म्हटलं, मामा, इथं का? तर म्हणाले, ताई, दवाखान्याचा डबा आहे, तो काय मागं पाटीवाल्यांत ठेवायचा? इथं आम्ही फक्त साहेबांच्या बॅगा ठेवतो."

दोन तास तापलेल्या इंजिनावर! जवळच्या गावांत लस चांगली, शेवटच्या पाच गावांत नुसतं पाणी. गोवर त्याच पाच गावांत. कोणीही खोटं बोललं नव्हतं. अक्षतानं डबा मागच्या सीटखाली ठेवायला लावला, त्यात थर्मामीटर टाकला, आणि आगारात जाऊन कंडक्टर मंडळींना अर्धा तास समजावलं. कोणाचा अपमान न करता. हे शेवटचं मला आजही जमत नाही.

विनया टेबलावर दोन्ही हात ठेवून ऐकत होती. मी लिहिलं. सात ओळी झाल्या. तिनं वाचून त्यातला 'तेजस्वी' हा शब्द काढला, म्हणजे सहा झाल्या. आणि मग म्हणाली, "सर, ही जागा मात्र मी अक्षताला देऊ शकत नाही. दुसऱ्या उमेदवाराला या कामाचा पाच वर्षांचा अनुभव आहे."

मी उठलो. "म्हणजे तुम्ही खासगीवाले शेवटी..."

"सर, बसा."

मी बसलो. तिनं कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. पडद्यावर नावांची एक ओळ. वरती त्या गटाचं नाव लिहिलेलं: 'खोडलेले'. एकसष्ट माणसं. एकमेकांना पत्रं, जागा निघाली की कळवणं, नव्या मुलांना कुठं काय शिकायला मिळेल ते सांगणं. रुग्णालयात, विम्यात, पाण्याच्या कंपनीत, शाळांच्या तपासण्यांत, वर्तमानपत्रात आरोग्याचं पान सांभाळणारी एक. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कोणाच्या तरी घरी भेट. नऊ वर्षं.

आणि माझ्या तोंडून काय निघालं सांगू? लपवत नाही. मी म्हणालो, "नऊ वर्षं! आणि मला कळवलंसुद्धा नाही?"

दोघी इतक्या हसल्या, की बाहेरून पहारेकरी डोकावून गेला.

माजी विद्यार्थ्यांना जोडायचं काम ज्याच्याकडं होतं तो सोडून बाकी सगळ्यांनी ते केलं होतं. त्या सहा ओळी विनयानं त्याच संध्याकाळी गटावर पाठवल्या. दिवाळीला अकरा दिवस होते. तिसऱ्या दिवसापर्यंत चार उत्तरं आली. त्यातलं एक या हेरंबचं: गुडगावला आमच्या बांधकामांवर सहाशे मजूर कुटुंबं आहेत, त्यांच्या मुलांच्या लसी आणि आजारपणं बघायला असंच डब्याबरोबर जाणारं माणूस हवंय.

मी अक्षताला म्हटलं, "बिल्डर, अक्षता?"

ती म्हणाली, "सर, मुलं तिथंच आहेत. मी दुसरीकडं कुठं मोजू?"

मी घरी जाऊन माझे तक्ते काढले. गुडगावच्या त्या भागाचा तक्ता माझ्याच सहीचा. लोकसंख्या: शून्य. का? तर इमारती पुऱ्या झाल्या नव्हत्या, फ्लॅटचा ताबा कोणाला मिळाला नव्हता. त्या इमारती बांधणारी सहाशे कुटुंबं तिथंच पत्र्याखाली राहत होती, मुलं तिथंच जन्मत होती, आणि मी सरकारी आरोग्याचा एवढा मोठा कैवारी दर महिन्याला तिथं शून्य लिहून सही करत होतो. खासगीकरणानं मला ते करायला लावलं नव्हतं.

म्हणून काय मी पक्ष बदलला? नाही! विनयाताई, हेरंब, हार गळ्यात आहे तोवरच सांगून टाकतो. ही मुलं सरकारची जबाबदारी आहेत. कंपनीच्या मर्जीवर लस मिळणं ही मेहरबानी आहे, आणि मेहरबानी कधीही काढून घेता येते. इमारत पुरी होईल, मजुरांची टोळी दुसऱ्या प्लॉटवर, दुसऱ्या बिल्डरकडं जाईल, तेव्हा त्या मुलांचं कार्ड पुढं कोण नेणार? हेरंब मान हलवतोय. हलव. पण उत्तर तुझ्याकडंही नाही आणि माझ्याकडंही नाही. ते तुझ्या माणसांनी आणि माझ्या माणसांनी एका खोलीत बसल्याशिवाय निघणार नाही. आणि ती खोली मी दहा वर्षं बाहेरून कुलूप लावून ठेवली. गेल्या महिन्यात दोन्ही याद्या एक झाल्या. दोनशे नऊ नावं. विनयाताईंची मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी दिली की नाही ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. प्रमुख पाहुण्या म्हणून यायला मात्र कबूल झाल्या. मी आणखी विचारलं नाही.

नव्या मुलामुलींना एवढंच सांगतो. सरकारात जा, कंपनीत जा, जिथं उभं राहता येईल तिथं जा. पण जाताना मागच्यांना तुमचा पत्ता देऊन जा. आणि कोणासाठी शिफारस लिहाल तेव्हा आधी त्याच्याशी अर्धा तास बोला. आता माझ्या मुख्य विषयाकडं वळतो. सार्वजनिक आरोग्याचं पुढचं पाव शतक, याचे मी चार भाग केले आहेत...

काय, सुयश? चिठ्ठी? अध्यक्षमहाराज, एक क्षण.

बरं. ही अक्षताकडून आहे. चौथ्या रांगेत तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. ती रिकामी का, असं मी मघापासून मनात म्हणत होतो. हेरंबच्या मोबाइलवर निरोप आलाय, सुयशनं उतरवून दिलाय. वाचतो.

'सर, नमस्कार. क्षमा असावी, येऊ शकत नाही. एक टोळी उद्या पहाटे फरिदाबादला चाललीय, आज दुपारी कळलं. त्यांच्यातली चौदा मुलं लसीची राहिलीत. आया सातला कामावरून येतात. डबा आणि बर्फ माझ्याजवळ आहे. टोचणाऱ्या पार्वती सिस्टर हेरंब सरांच्या गाडीतून तुमच्या कार्यक्रमाला आल्यात. हेरंब सर म्हणतात, तुमचं भाषण चालू असताना उठता येत नाही. फरिदाबादला त्यांचं कोण बघेल ते अजून कळलेलं नाही, विनयाताईंनी गटावर विचारलंय. पण आजचं आज करते.'

घड्याळात सव्वापाच झालेत. इथून गुडगाव, शनिवारची गर्दी, दीड तास.

पार्वती सिस्टर कोण? तुम्ही का? मग बसलात काय अशा, उठा! हेरंब, ऊठ. मला नमस्कार नको करू, गाडी काढ. मंडळी, त्यांना वाट द्या, पाय घ्या जरा. फरिदाबादला आपलं कोण आहे? हात वर करा. दोघं? तिघं. इनामदार, तुम्हीसुद्धा? छान. विनयाताई, तुम्हीही जरा बाहेर जा. तुम्ही तिघं आत्ता त्यांना भेटा, नंबर द्या, तो अक्षताला कळवा. हो, आत्ता. भाषणाचं काही नुकसान होत नाही.

राहिलेले चार भाग राहू द्या. अध्यक्षमहाराज, आपण सगळे आलात, माझ्यासारख्याला इतकी वर्षं सोसलंत, शाल दिलीत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. शेवंता, तुझे आभार घरी मानतो, इथं मानले तर तू रागावशील. बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, एखादं नाव घ्यायचं राहिलं असेल, जिभेनं कोणाला ओरखडा काढला असेल, तर हा जाणारा माणूस आहे असं समजून पोटात घाला. मी खाली बसतो. सिस्टर जिना उतरल्या का, तेवढं कोणी तरी बघा.